सल्ल्याचे अकरा

मराठी समीक्षेने पोवाड्यापासून पाककृतींपर्यंत सगळ्याची दखल घेतली, पण ‘आजचा संघ असा निवडा’ या वाङ्मयप्रकाराकडे तिचे लक्ष गेलेले दिसत नाही. हा मजकूर सामन्याच्या सकाळी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात किंवा फोनवर अवतरतो. लेखकाचे नाव नसते. ‘आमचे तज्ज्ञ’ एवढीच सही. सुरुवातीला खेळपट्टीचे निसर्गवर्णन, मध्ये आकड्यांची झाडी, शेवटी अकरा नावे. खलनायक एकच – दव. आणि भाषा अशी की सामना कसाही झाला तरी लेखक सुटला पाहिजे. ‘फिरकीला साथ मिळू शकते, मात्र वेगवान गोलंदाजही प्रभावी ठरतील.’ आता बोला! आमच्या शेजारचे ज्योतिषीबुवासुद्धा याहून जास्त धोका पत्करतात.

या वाङ्मयाशी माझा संबंध आला तो एका वहीमुळे. कसाऱ्याहून येणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये आमचे सहा जणांचे टोळके आहे. आसनगावचे काका, वासिंदची ताई आणि तिचा नवरा हे आधीपासून बसलेले असतात, खडवलीला मी चढतो (चढतो म्हणजे आत लोटला जातो), आणि टिटवाळ्याला मास्तर नि त्यांचा भाचा. स्पर्धा आली की आम्ही वहीत खेळाडू वाटून घेतो. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो आणि एकेकाने एकेक खेळाडू उचलायचा. एकाने उचललेला दुसऱ्याला नाही. धावेला एक गुण, बळीला वीस, झेलाला दहा आणि कप्तानाचे दुप्पट. ज्याचे गुण सर्वांत कमी, त्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा. हाच खेळ ‘ड्रीम इलेव्हन’ या नावाने मुंबईच्या दोन तरुणांनी २००८ साली काढला आणि पुढे कोट्यवधी लोक तो फोनवर खेळले. २०२५च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदी घातली आणि तो पैशांचा कारभार थांबला. वडापावविषयी कायद्यात काही नसल्यामुळे आमची वही शाबूत राहिली.

या खेळात सल्ल्याचा पहिला घोटाळा साध्या गणिताचा आहे. सहाही जणांनी एकच यादी वाचली असेल, तर यादीतून मिळणारा फायदा सहा जणांत वाटला जाऊन शून्य होतो. पुढे जायचे तर दुसऱ्याने न ओळखलेला गडी आपल्याकडे हवा, आणि तो यादीत वर असेल तर त्याला सगळ्यांनीच ओळखलेला असतो. दुसरा घोटाळा मास्तरांचा. मी आवडीचा खेळाडू उचलला की ते चष्म्यावरून बघत म्हणतात, “अहो, घाई काय होती? पुढच्या फेरीत मिळाला असता की!” वास्तविक आमचा क्रम नागमोडी चालतो: पहिली फेरी एक ते सहा, दुसरी सहा ते एक. चिठ्ठीत पहिला आलो, तर माझी दुसरी पाळी थेट बाराव्या क्रमांकावर येते. मधल्या वेळात दहा माणसे पळवली गेलेली असतात. आवडते माणूस पुढच्या फेरीत मिळेल म्हणून थांबलेले कितीतरी गृहस्थ मी लग्नाच्या मांडवात अक्षता टाकताना पाहिले आहेत.

आता सल्ला मुळीच ऐकू नये, असे मी म्हणणार नाही. खडवलीत राहणाऱ्याला ते शोभणारही नाही. पावसाळ्यात रविवारी मुंबईहून मंडळी भातसा नदीवर येतात. वर धरणातून पाणी सोडले की पात्र बघता बघता चढते. ‘पाण्यात उतरू नका’ हे गावातला पोरगासुद्धा सांगतो, आणि ते ऐकलेच पाहिजे. पण तो पोरगा काठावर उभा असतो आणि त्याने नदी पाहिलेली असते. आमच्या तज्ज्ञांनी खेळपट्टी पाहिली असेल. मला मात्र पाहिलेले नसते.

खऱ्या संघाच्या निवडीतही आवडीने कामे केलेली आहेत. १९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत अजित वाडेकरांच्या पारड्यात टाकले आणि पतौडींचे कप्तानपद गेले. वाडेकरांनी वेस्ट इंडीजला नेण्यासाठी दिलीप सरदेसाईंचा आग्रह धरला. सरदेसाई तेव्हा संघाबाहेर गेल्यात जमा होते. कुठल्याही यादीत त्यांचे नाव तळाशी सापडले असते. त्यांनी त्या मालिकेत ६४२ धावा केल्या, त्यांत किंग्स्टनचे २१२. एकनाथ सोलकरांचे तर आणखी अवघड. फलंदाजीची सरासरी पंचविसाच्या आसपास, बळी थोडके. आमच्या वहीत कोणी उचलला नसता. पण २७ कसोटींत ५३ झेल! त्याच वर्षी ओव्हलवर अ‍ॅलन नॉटचा झेल त्यांनी जमिनीलगत झेपावून घेतला, तो अजून छायाचित्रात दिसतो.

अर्थात आवड न्याय करतेच असे नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले, पण निवड समितीला बेदी आवडले. अमोल मुझुमदारांनी ११ हजारांवर धावा केल्या आणि त्यांना भारताची टोपी मिळाली नाही. तेच मुझुमदार २०२५च्या महिला विश्वचषकात भारताचे प्रशिक्षक होते, आणि माझी फजितीही त्याच स्पर्धेतली आहे.

माझ्याकडे प्रतिका रावल होती. २६ ऑक्टोबरला ती जायबंदी झाली. भारताने तिच्या जागी शफाली वर्माला बोलावले, जी वर्षभर एकदिवसीय संघाबाहेर होती. आमच्या नियमाप्रमाणे उपांत्य फेरीआधी प्रत्येकाला एक बदल करता येतो. पहिला हक्क माझा, कारण गडी माझा पडलेला. आणि खरे सांगतो, शफाली मला पंधराव्या वर्षी भारतातर्फे खेळायला उतरली तेव्हापासून आवडते. चेंडू म्हणजे कोणीतरी आपल्या अंगणात टाकलेला कचरा आहे, अशा थाटात ती तो बाहेर भिरकावते. मी नाव घेणार, एवढ्यात खिशातली यादी आठवली. ऑफिसच्या प्रिंटरवर काढली होती, दोन पाने. त्यात लिहिले होते की बाद फेरीत धोका नको, सातत्य पाहा. मी सातत्य पाहिले. आफ्रिकेची एक गोलंदाज घेतली.

वासिंदची ताई म्हणाली, “मग शफाली मला. आणि कप्तानपण तीच.”

“ताई, अगं तिचे आकडे बघितलेस का?” मी. आवाज माझा, वाक्य यादीचे.

“नाही बघितले. काका, ती लवकर आऊट झाली तरी बघायला मजा येते. तुमच्या बाईची एक तरी ओव्हर तुम्ही बघितलीत का?”

बघितली नव्हती.

उपांत्य सामन्यात शफाली १० धावांवर बाद झाली. मी दुसऱ्या दिवशी टिटवाळा ते कल्याण ताईला सातत्यावर व्याख्यान दिले. मास्तरांनीही मान डोलावली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

२ नोव्हेंबरचा अंतिम सामना नवी मुंबईत होता. पाऊस पडून खेळ उशिरा सुरू झाला. शफालीने ७८ चेंडूंत ८७ धावा काढल्या, वर हातात चेंडू घेऊन दोन बळी टिपले. मध्यरात्रीच्या सुमारास भारत ५२ धावांनी जिंकला. घरात सगळे नाचत होते. मीही नाचलो, पण शफालीच्या प्रत्येक चौकाराला माझ्या टाळ्या अर्ध्या सेकंदाने उशिरा पडत होत्या. आधी मनात ताईचे गुण मोजायचे आणि मग भारताचा आनंद करायचा! ज्या पोरीवर सहा वर्षे जीव टाकला, तिच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी मी मनातून म्हणत होतो की आता बाद हो. याबद्दल यादीत काही सूचना नव्हती.

सोमवारी गाडीत ताई काही बोलली नाही, ही तिची सभ्यता. वही माझ्याकडे असते, बेरीज मीच करायची. सत्त्याऐंशी अधिक चाळीस अधिक एका झेलाचे दहा, एकशे सदतीस. कप्तान म्हणून दुप्पट, दोनशे चौऱ्याहत्तर. दोनदा केली, तेवढीच आली. तळाला माझे नाव होते. आफ्रिकेच्या त्या बाईविषयी माझा राग नाही. ती बिचारी माझ्याकडे आहे हे तिला कुठे ठाऊक होते!

मंगळवारी कल्याण येण्याआधी मी सहा वडापाव काढले. खडवली स्टेशनाबाहेरून बांधून घेतलेले, अजून गरम होते. पिशवीत कागद अपुरे पडले. ताई म्हणाली, “काका, तेल गळतंय हो.” मी खिशातून यादी काढली आणि एक पान तिला दिले, एक मास्तरांना.