रहस्यकथेतील जिवंत माणसे

राजकीय अफवा हा वाङ्मयसमीक्षेचा विषय नव्हे असे कोणी म्हटले, तर त्याच्याशी मी हट्टाने वाद घालणार नाही. परंतु एखादी कथा कोट्यवधी माणसे ऐकतात, तिच्यात रंगून जातात, पुढच्या प्रकरणाची वाट पाहतात आणि शेवटी तिच्यापायी स्वतःच्याच देशाच्या संसदभवनाची तावदाने फोडून आत शिरतात, तेव्हा त्या कथेत असे होते तरी काय, हे विचारण्याचा हक्क टीकाकाराने का सोडावा? ३ नोव्हेंबर २०२० रोजी झालेल्या अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर जी कथा तेथे सांगितली गेली, तिच्याविषयी राजकीय पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. मला तिच्याकडे कथा म्हणून पाहावयाचे आहे.

निकाल सांगावयाचा तर बायडन ह्यांना ३०६ निर्वाचक मते मिळाली, ट्रम्प ह्यांना २३२. लोकांची मते अनुक्रमे सुमारे ८ कोटी १० लाख आणि ७ कोटी ४० लाख. पण कथेला जन्म दिला तो एका रात्रीने. साथीमुळे त्या वर्षी टपालाने आलेल्या मतांचा ढीग अतोनात मोठा होता. पेन्सिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन ह्या राज्यांत तर मतदानाचा दिवस उजाडेपर्यंत ती पाकिटे उघडावयाचीच नाहीत, असा कायदा होता. ट्रम्प ह्यांनी आपल्या अनुयायांना टपाली मतदानाविरुद्ध महिनोन्महिने सावध केले होते, त्यामुळे मागाहून उघडलेल्या पाकिटांतून निघाली ती बहुतेक प्रतिपक्षाची मते. माणूस झोपला तेव्हा त्याचा उमेदवार पुढे होता, उठला तेव्हा मागे. मिलवॉकी शहराची टपाली मते तर ऐन पहाटे एकगठ्ठा जाहीर झाली. असे होणार हे जाणकारांनी आधीच सांगून ठेवले होते. पण सांगून आलेला धक्का हाही धक्काच असतो. त्याच रात्री अडीचच्या सुमारास ट्रम्प ह्यांनी आपण जिंकलो असे सांगूनही टाकले. रात्रीची वेळ, सीलबंद पाकिटे, झोपेत फिरलेले पारडे! बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथा ज्यांनी अंथरुणात दडून वाचल्या असतील, त्यांना ह्या पहिल्या प्रकरणाची ओढ समजावून सांगावी लागणार नाही.

पुढे मात्र कथेचा तोल जातो. १९ नोव्हेंबरच्या पत्रकार परिषदेत ट्रम्प ह्यांच्या बाजूच्या वकील सिडनी पॉवेल ह्यांनी मतयंत्रांच्या प्रणालीमागे व्हेनेझुएलाच्या ह्यूगो चावेझ ह्यांचा हात असल्याचे सांगितले. चावेझ २०१३ मध्येच वारले होते. ॲरिस्टॉटलने अशक्य गोष्टही संभवनीय करून दाखविण्याची मुभा नाटककाराला दिली आहे, परंतु येथे संभवनीयतेची काळजी कोणी घेतलेलीच नाही. तरी श्रोते उठून गेले नाहीत, आणि मला ह्यातच कथेचे मर्म दिसते. आपला पराभव पलीकडच्या घरातल्या माणसाने, रोज रामराम करणाऱ्या माणसाने केला, ही गोष्ट फार रुक्ष आहे आणि फार झोंबणारी आहे. त्यापेक्षा समुद्रापलीकडचा मेलेला हुकूमशहा बरा. त्याच्याशी उद्या वाण्याच्या दुकानात गाठ पडावयाची नसते.

हे वाचून हसू आले तर आपण आपले १९७१ आठवावे. इंदिरा गांधींच्या काँग्रेसने त्या लोकसभा निवडणुकीत ३५२ जागा जिंकल्या आणि दक्षिण दिल्लीत पडलेले जनसंघाचे बलराज मधोक ह्यांनी सांगितले, की मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया केलेली होती. मतदाराने मारलेला शिक्का काही वेळाने उडून जाई आणि गायवासराच्या चिन्हापुढे आधीच उमटवून ठेवलेली अदृश्य खूण वर येई. शाई रशियाची, असेही बोलले जाई. आमच्या आळीत गाई, बाई आणि शाई ह्यांचे यमक जुळवून हा सिद्धान्त घोषणेसारखा म्हटला जात असे, आणि खरे सांगावयाचे तर ते यमक हाच आमचा पुरावा होता. मी तेव्हा शाळकरी होतो. लिंबाच्या रसाने लिहिलेली अक्षरे दिव्यावर धरली की तपकिरी होऊन उमटतात, हे मी स्वतःच्या हाताने करून पाहिले होते, तेव्हा सरकारला ते का साधू नये? माझा त्या शाईवर पुढे बराच काळ विश्वास होता आणि तो सोडताना मला वाईट वाटले, हेही कबूल केले पाहिजे. मधोकांचा दावा न्यायालयात गेला, काही मतपत्रिका तपासण्यास परवानगी मिळाली, सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली, आणि शाई काही सापडली नाही. कल्पकतेच्या दृष्टीने मला चावेझपेक्षा आमची शाई सरस वाटते. तिच्यात निदान एक सुबक यंत्रणा होती.

न्यायालय हे अशा कथेचे खरे समीक्षास्थान. अमेरिकेतही साठांहून अधिक दावे झाले आणि जवळजवळ सगळे फेटाळले गेले. तेथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. १७ नोव्हेंबरला पेन्सिल्व्हेनियातील न्यायालयात उभे राहिलेले वकील रूडी जुलियानी, जे बाहेर कॅमेऱ्यापुढे लबाडीची कथा रोज सांगत होते, न्यायाधीशांनी खोदून विचारताच म्हणाले, की हा लबाडीचा दावा नव्हे. चौथऱ्यावर सांगावयाची कथा एक आणि शपथेच्या छायेत सांगावयाची दुसरी! न्यायाधीश मॅथ्यू ब्रॅन, जे स्वतः ट्रम्प ह्यांच्याच पक्षाचे होते, त्यांनी निकालपत्रात त्या दाव्याला फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाची उपमा दिली: दोन निरनिराळ्या सिद्धान्तांचे तुकडे कसेबसे टाचून उभे केलेले धूड. मेरी शेलीची इतकी नेमकी आठवण काढणारा परीक्षक आमच्या मासिकांतही क्वचित भेटतो. पुढे पॉवेल ह्यांच्यावर मतयंत्रांच्या कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला, तेव्हा २०२१ मध्ये त्यांच्या वकिलांनी बचाव केला तो असा, की ही विधाने वस्तुस्थिती म्हणून कोणी समंजस माणूस घेणार नाही. म्हणजे कथाकारानेच अखेर ही कथा असल्याचे मान्य केल्यासारखे झाले. पण तोवर ती इतिहास म्हणून खपली होती.

रहस्यकथेचा एक अलिखित करार असतो. शेवटच्या प्रकरणात दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून उलगडा करावयाचा, आणि संशय चुकला असेल तर तो मागे घ्यावयाचा. ह्या कथेने तो करार पाळला नाही. जॉर्जियात सुमारे पन्नास लाख मते हातांनी मोजली गेली, एकूण तीनदा मोजणी झाली, निकाल तोच आला. ॲरिझोनातील मॅरिकोपा परगण्यात २०२१ च्या उन्हाळ्यात ट्रम्प ह्यांच्याच पक्षाच्या सिनेटने खाजगी मंडळींकडून सुमारे एकवीस लाख मतपत्रिका पुन्हा मोजून घेतल्या. आशियातून खोट्या मतपत्रिका आणून मिसळल्याची वदंता होती, म्हणून कागदात बांबूचे तंतू दिसतात का, हेही पाहिले गेले. सप्टेंबरात अहवाल आला: बायडन ह्यांची मते ९९ ने वाढली होती, ट्रम्प ह्यांची २६१ ने घटली होती. उलगडा झाला आणि वाचकांनी पुस्तक मिटले नाही. त्यांना पुढचा भाग हवा होता. हा दोष एकाच पक्षाचा आहे असे मला म्हणावयाचे नाही. २००४ मध्ये ओहायोतील यंत्रांविषयी डेमोक्रॅट पक्षाच्या पुष्कळ अनुयायांनी अशाच कहाण्या चघळल्या. मात्र त्यांच्या उमेदवाराने पराभव मान्य केला होता, आणि कथेला तेवढ्याने आवर बसला.

६ जानेवारी २०२१ चे वर्णन येथे करीत बसत नाही. ते सगळ्या जगाने पाहिले आहे. कॅपिटॉलमध्ये मते प्रमाणित करण्याचे काम तासन्तास थांबले, एक स्त्री पोलिसाच्या गोळीने मेली, सुमारे १४० पोलीस जखमी झाले, आणि पहाटे काम पुरे झाले. पंधराशेंहून अधिक लोकांवर खटले भरले गेले. २० जानेवारी २०२५ रोजी, पुन्हा निवडून आलेल्या ट्रम्प ह्यांनी त्यांतील बहुतेक सर्वांना माफी दिली.

मला अधिक बोलावयाचे आहे ते एका लहान प्रसंगाविषयी. अटलांटातील मतमोजणीच्या ठिकाणी एक आई आणि तिची मुलगी काम करीत होत्या. आईने मुलीच्या हातात काहीतरी दिले, एवढे चित्रफितीत दिसते. जुलियानींनी त्या वस्तूला संगणकाचे यूएसबी म्हटले आणि मादक द्रव्याच्या पुड्या द्याव्यात तशी ती दिल्याचे सांगितले. वस्तू आल्याची गोळी होती. टेबलाखालून ओढलेल्या ज्या सुटकेसचा बोभाटा झाला, त्या मतपत्रिकांच्या नेहमीच्या पेट्या होत्या. राज्याच्या तपासनिसांनी सगळी फीत पाहून गैर काही आढळले नाही असे सांगितले. तरी २ जानेवारी २०२१ ला जॉर्जियाच्या अधिकाऱ्याशी दूरध्वनीवर बोलताना, ज्या संभाषणात ११,७८० मते शोधून देण्याची गोष्ट निघाली, ट्रम्प ह्यांनी त्या आईचे नाव अठरा वेळा घेतले.

कादंबरीकार कारकून रंगवितो, विधवा रंगवितो, खुनीही रंगवितो. त्यांतील कोणालाही मध्यरात्री दार ठोठावल्याचा आवाज ऐकावा लागत नाही. ह्या कथेने मात्र पात्र म्हणून एक जिवंत बाई उचलली, तिला न विचारता खलनायिकेची भूमिका दिली आणि वाचकांच्या हाती तिचा पत्ताही पडला. केंद्रीय तपास खात्याच्या सल्ल्यावरून तिला दोन महिने घर सोडून राहावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने त्या मायलेकींना जुलियानींकडून १४ कोटी ८० लाख डॉलर देवविले. मतयंत्रांच्या कंपनीशी फॉक्स वृत्तवाहिनीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलरांवर तडजोड केली होती. आमच्या शाईच्या कथेत असे नाव घेऊन कोणी उभे केले गेले नव्हते, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो. पण दक्षिण दिल्लीतील त्या केंद्रांवर मतपेट्यांपाशी कोणी शिक्षक, कोणी कारकून बसले असतीलच, आणि गाई-बाई-शाई म्हणत गल्लीभर धावताना आम्ही त्यांनाच चोर म्हणत होतो.

अटलांटाच्या त्या बाईचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. २०२२ मध्ये संसदीय समितीपुढे तिने सांगितले, की स्वतःचे नाव छापलेला एक शर्ट तिच्यापाशी होता. २०२० च्या निवडणुकीच्या दिवशी तिने तो अंगात घातला होता. त्यानंतर पुन्हा घातला नाही.