‘इयम’ची परीक्षा : कॉमिक्समधले धातू आणि विजयदुर्गचा हेलियम

मधल्या सुटीत मुलांचा वाद रंगलेला असतो. वुल्व्हरिनची नखे कॅप्टन अमेरिकेच्या ढालीवर आपटली, तर मोडेल काय? नखे ॲडमँटियमची, ढाल व्हायब्रेनियम आणि लोखंड यांच्या मिश्रधातूची. आपण वर्गात शिरतो, ‘असले धातू नसतातच’ असे सांगतो आणि खडू उचलतो. उत्तर बरोबर आहे, पण त्यात विज्ञान काहीच नाही. परीसही नव्हता, तरी आजीने त्याची गोष्ट सांगितलीच. विचारायला हवे ते वेगळेच : ही कल्पना किती नेटाने केली आहे?

या कसोटीला सगळे कल्पित पदार्थ सारखे उतरत नाहीत. क्रिप्टोनाइट १९४३ साली सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेत आले आणि १९४९ मध्ये कॉमिक्समध्ये. हिरवा दगड जवळ आला की नायक गलितगात्र होतो, शेजारचा माणूस मात्र ठणठणीत. रंग बदलला की गुणही बदलतो. लेखकाची अडचण सोडवण्यापलीकडे या दगडाला स्वभाव नाही. पटते ती एकच गोष्ट : शिशाची पेटी त्याचे किरण अडवते.

शिसे आपल्या मुलांना परके नाही. १६६४ साली सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले, तेव्हा पायाच्या दगडांत शिसे ओतले, हे किल्ल्यावर जाणारा प्रत्येक जण ऐकतो. शिसेच का? ते ३२७ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे लाकडाच्या जाळावर जागच्या जागी पातळ करता येते. खाऱ्या पाण्यात ते लोखंडासारखे गंजून जात नाही. पण ते मऊ आहे, त्याची तलवार होत नाही. खरा धातू असाच असतो. एक गुण घ्यावा तर दुसरा सोडावा लागतो.

ॲडमँटियम (१९६९) इथेच फसते. त्याची नखे कठीण आहेत, धारदार आहेत आणि कधी तुटतही नाहीत. पण कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही, पण हातोडीच्या घावाने तो फुटतो. पोलादावर ओरखडा उठतो, पण ते वाकून तग धरते. हा फरक गोष्टीत पुसला गेला आहे. तरीही लेखकांना एक शाबासकी द्यायला हवी. न मोडणाऱ्या धातूला आकार दिला कसा, हा प्रश्न त्यांनाही पडला. काही रेझिने मिसळल्यावर तो थोडा वेळ पातळ राहतो. तेवढ्यात साच्यात ओतायचा, नंतर कधीच नाही, असे त्यांनी ठरवले. फायबरच्या होडीचे काम पाहिलेल्या मालवणच्या मुलाला हे चटकन पटेल. रेझिनमध्ये हार्डनर पडला की हात भराभर चालवावा लागतो.

या तिघांत मला व्हायब्रेनियम (१९६६) उजवे वाटते. ते आघाताची ऊर्जा शोषून घेते. मग ती जाते कुठे? २०१८ सालच्या ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटात नायकाचा पोशाख बसलेले फटके साठवतो आणि एकदम बाहेर फेकतो. म्हणजे ऊर्जा नाहीशी झाली नाही, नुसती राखून ठेवली. ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाची एवढी तरी बूज राखली आहे. मात्र ते मूलद्रव्य असेल, तर आवर्तसारणीत कुठे बसवायचे? १ ते ११८ पर्यंतची सगळी घरे भरली आहेत.

आता आपल्या घरातला ‘इयम’ पाहू. सोडियम, कॅल्शियम या नावांतले हे शेपूट धातूचे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून पुढे जमखंडी, गुंटूर, मच्छलीपट्टण असा गेला. सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमच्या रेषांच्या अगदी जवळ होती, पण त्यांच्या जागी नव्हती. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरने २० ऑक्टोबरला ग्रहणाशिवायच असा वर्णपट पाहिला, आणि पुढे या रेषेच्या धन्याला नाव मिळाले हेलियम. पृथ्वीवर कोणी न पाहिलेला, धातू समजून नाव ठेवलेला पदार्थ! १८९५ साली रॅमसेने तो खनिजातून मिळवला, तेव्हा निघाला वायू. याच रॅमसेला १८९८ मध्ये सापडलेल्या दुसऱ्या वायूचे नाव क्रिप्टॉन. सुपरमॅनच्या ग्रहाचे नावही तेच.

सगळेच ‘इयम’ इतके भाग्यवान नव्हते. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात एक हिरवी रेषा दिसली आणि तिच्यासाठी ‘कोरोनियम’ कल्पिले गेले. सुमारे सत्तर वर्षांनी कळले की ते अतितप्त लोखंड आहे. आपल्या रेडीच्या खाणीतल्या खनिजात असते तेच मूलद्रव्य, फक्त त्याचे तेरा इलेक्ट्रॉन निघून गेलेले. कोरोनियम मग मुकाट्याने पुस्तकांतून गेले. कॉमिक्सचा धातू आणि विज्ञानातला कल्पित धातू यांत फरक आहे तो इथे. पुरावा आला की दुसऱ्याला जावे लागते.

हीच कसोटी आपल्यालाही लावू. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून, लॉकियरने इथे उभे राहून हेलियम शोधला असे सांगितले जाते. ऐकताना छाती फुगते. पण त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होता. पिवळी रेषा भारतात आलेल्या निरीक्षकांना दिसली, तिचा अर्थ लावण्यात अनेकांचे हात लागले, आणि ग्रहणाची सावली या किनाऱ्यावरून गेली. एवढे खरे पुरेसे आहे. मुलांच्या ॲडमँटियमला हसून आपण ही गोष्ट न तपासता सांगत राहिलो, तर मुलांनी आपल्याला का ऐकावे?

पुढच्या तासाला एक करून पाहा. प्रत्येक गटाला एक नवा धातू कल्पू द्या आणि फळ्यावर सहा प्रश्न लिहा. घनता किती? वितळतो कधी? खाऱ्या हवेत काय होते? सापडतो कुठे आणि खणतो कोण? आकार कसा देता? शेवटचा प्रश्न : काय दिसले तर तुम्ही म्हणाल, ‘हा धातू नाहीच’? पहिल्या पाचांची उत्तरे मुले हसत हसत देतील. सहाव्याला वर्ग जरा शांत होईल. तेव्हा घाई करू नका.