‘महत्त्वाचं आहे’ म्हणजे नेमकं काय? हृदयरुग्णांच्या माहितीच्या गरजा मोजताना

हृदयविकारातून बरं होणाऱ्या रुग्णांना कोणती माहिती हवी असते, हा विषय पीएच.डी.साठी निवडणारे बरेच जण भेटतात. आराखडा साधारण ठरलेला असतो. परदेशातली प्रश्नावली घ्यायची, मराठीत भाषांतर करायचं, दीड-दोनशे रुग्णांकडून भरून घ्यायची आणि सरासरी काढून विषयांची क्रमवारी लावायची. पेपर निघतो, त्यात वाद नाही. पण या मोजपट्टीबद्दल माझे काही आक्षेप आहेत. तुमची सिनॉप्सिस टाईप होण्याआधी ते सांगून टाकतो.

या प्रकारातली सर्वांत जास्त वापरली गेलेली प्रश्नावली १९८४ची, जेरार्ड आणि पीटरसन यांची. अतिदक्षता विभागाची ओळख, हृदयाची रचना, मानसिक बाजू, धोक्याचे घटक, औषधं, आहार, हालचाल आणि इतर असे तिचे आठ विभाग. प्रत्येक मुद्दा किती महत्त्वाचा, ते रुग्णाने १ ते ५ मध्ये सांगायचं. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. रुग्णाला काय सांगायचं हे तोवर बहुतेक डॉक्टर-नर्सच ठरवत. इथे रुग्णाला विचारलं गेलं. पुढच्या काही अभ्यासांत नर्स आणि रुग्ण यांची क्रमवारी जुळत नाही हेही दिसलं. हे श्रेय द्यायलाच हवं.

अडचण त्या १ ते ५ मध्ये आहे. नुकताच झटका येऊन गेलेल्या माणसाला ‘औषधांची माहिती महत्त्वाची आहे का?’ असं विचारलं तर तो ‘नाही’ कशाला म्हणेल? त्यातून विचारणारा पांढऱ्या कोटातला! सगळे आकडे ४ आणि ५च्या मध्ये गोळा होतात. मग समजा, औषधं ४.७ आणि आहार ४.५ आला, तर आपण त्या ०.२ वर चर्चेची दोन पानं लिहितो. (मी संख्याशास्त्राकडून आलोय, त्यामुळे हे जरा जास्तच खुपतं.) त्यापेक्षा सगळ्या मुद्द्यांतले कोणतेही पाच निवडायला लावा. निवड करायची वेळ आली की माणूस विचार करतो.

आणि ‘औषधं’ हा विभाग वर आला, तरी त्यातून कळतं काय? झटक्यानंतर स्टेंट बसवलेल्याला रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर घ्याव्या लागतात. मध्येच मनाने थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं. रुग्णाचा खरा प्रश्न असतो, ‘दाढ काढायचीय, तेवढे चार दिवस गोळी बंद ठेवू का?’ औषधांच्या माहितीला ५ पैकी ५ देणारा माणूससुद्धा ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करतो. बायपासवाल्याचं तसंच. छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने जातात, पण त्याला विचारायचं असतं की भारतीय पद्धतीच्या संडासात बसलो तर उठताना हातावर जोर देऊ का. ‘शारीरिक हालचाल’ या मथळ्याखाली हे आपोआप येत नाही. भाषांतर करताना आपण शब्द मराठी करतो, प्रश्न तिकडचेच राहतात.

लैंगिक संबंधांचा मुद्दा घ्या. वॉर्डात, शेजारी बायको किंवा मुलगा उभा असताना, कोण त्याला ५ देणार? कमी गुण म्हणजे गरज नाही, असं वाचणं चूक आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये या विषयावर स्वतंत्र निवेदन काढलं. तिथला साधा ठोकताळा असा, की दोन जिने चढण्याइतके श्रम छातीत न दुखता, धाप न लागता जमत असतील तर सहसा हरकत नसते. एका वाक्याची माहिती आहे, पण विचारायचं कोणी आणि सांगायचं कोणी?

२०१३ साली टोरांटोच्या गटाने पुनर्वसनातल्या रुग्णांसाठी ५५ मुद्द्यांची नवी प्रश्नावली केली. मुद्दे जास्त नेमके आहेत, मला ती आवडते. पण ती पुनर्वसन केंद्रात येणाऱ्यांना समोर ठेवून बनवली आहे. आपल्याकडे अशी केंद्रं मोजकी, तीही मोठ्या शहरांत. तालुक्याच्या गावचा रुग्ण डिस्चार्ज कार्ड घेऊन थेट एसटीने घरी जातो. केंद्रात बसून नमुना गोळा केलात, तर ज्याला माहितीची गरज सर्वांत जास्त तोच तुमच्या तक्त्यात नसेल.

वेळेचंही तेच. अतिदक्षता विभागात पडलेल्याला ‘मी जगेन ना?’ एवढंच हवं असतं. गाडी कधी चालवू, शेतात कधी जाऊ, हे प्रश्न घरी गेल्यावर सुचतात. एकदाच, तेही डिस्चार्जच्या दिवशी घाईत फॉर्म भरून घेतलात, तर तुम्ही त्या दिवसाची गरज मोजलीत, बरं होण्याच्या काळातली नाही. निदान सहा आठवड्यांनी एक फोन कराच. गाइड म्हणतील, ‘फॉलो-अपमध्ये माणसं गळतात.’ गळू द्या, पण कोण गळलं ते लिहा.

पायलटमध्ये प्रश्नावली बाजूला ठेवून दहा जणांना एवढंच विचारून बघा: घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात कोणता प्रश्न पडला, आणि तो कोणाला विचारलात? यातला दुसरा भाग विसरू नका. उत्तरांत मेडिकलवाला, शेजारी आणि व्हॉट्सअॅप किती वेळा येतात, ते वेगळ्या रकान्यात मोजा.