आज्ञावलीच्या आवृत्त्यांतील पाठभेद : स्वयंचलित चाचणीची चिकित्सा

प्रस्तावना :
संगणकीय आज्ञावलीची नवी आवृत्ती आल्यावर जुनी कामे पूर्ववत होतात किंवा नाही, हे पाहण्यासाठी 'रिग्रेशन टेस्टिंग' ही पद्धत अवलंबिली जाते. एकच माहिती दोन्ही आवृत्त्यांना देऊन मिळालेली उत्तरे यंत्राकरवी ताडली जातात. या पद्धतीने फरक सापडतो; परंतु त्याचा अर्थ कळतो काय, या प्रश्नाचा मराठीच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
पहिले उदाहरण २०२३ मधील जिल्ह्याच्या नामांतराचे. 'येडशी, जि. उस्मानाबाद' याऐवजी नवी आवृत्ती 'येडशी, जि. धाराशिव' असे छापू लागल्यास, जुने उत्तर प्रमाण मानणारी चाचणी प्रत्येक पत्ता सदोष ठरवील. वस्तुतः येथे न बदललेली नोंद हाच दोष होय.

दुसरे उदाहरण 'ॲ' या अक्षराचे. युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली, त्यास स्वतंत्र संकेतांक मिळाला. तत्पूर्वी 'अ' ला चंद्र जोडून ते लिहीत. दोन्ही रूपे दिसावयास बहुधा सारखीच. संकेतांक मात्र भिन्न. त्यामुळे केवळ छापील रूप ताडणारी चाचणी हा फरक टिपत नाही, आणि नव्या रूपाने शोध घेतल्यास जुनी नोंद हाती लागेलच असे नाही.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्यास, तर 'आचार्यास' म्हणजे गुरूस. यातील 'ऱ्य' काही मजकुरांत एका अदृश्य जोडचिन्हाच्या साहाय्याने साधलेला असतो. नव्या आवृत्तीने अशी चिन्हे निरुपयोगी समजून गाळली, की स्वयंपाक्याचा गुरू होतो! असा शब्द चाचणीत घेतलेलाच नसेल, तर सर्व चाचण्या उत्तीर्ण होऊनही अर्थाचा अनर्थ होतो.

ही समस्या पाठचिकित्सेस नवी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हस्तलिखितांतील पाठभेद तळटीपांत नोंदविले आहेत. तथापि, ग्राह्य पाठ कोणता, याचा निर्णय संपादकांनाच घ्यावा लागला. तुलना ही निर्णयाची पूर्वतयारी असते, निर्णय नव्हे.

निष्कर्ष :
हजारो नोंदी मनुष्याने ताडणे अशक्यप्राय असल्याने स्वयंचलित चाचणी अपरिहार्य आहे. मात्र तिची विश्वसनीयता चाचण्यांच्या संख्येपेक्षा उदाहरणांच्या निवडीवर अवलंबून असते, आणि ही निवड भाषेच्या जाणकाराविना होऊ शकत नाही. महाविद्यालयांतील मराठी व संगणकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन असा शब्दसंच सिद्ध करणे अगत्याचे आहे.