कुळाचा कागद आणि गावाचा कागद : चिरनेरच्या संदर्भात वंशशोधाच्या साधनांची चिकित्सा

मराठीत वंशशोधाचे जे वाङ्मय निर्माण झाले, त्याला कुलवृत्तांत हे नाव रूढ आहे. विसाव्या शतकात आपटे, गोखले, बापट, पेंडसे इत्यादी कोकणस्थ घराण्यांचे वृत्तांत प्रसिद्ध झाले. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, तेथून फुटलेल्या शाखा, पिढीवार वंशवृक्ष आणि प्रत्येक व्यक्तीची त्रोटक माहिती अशी त्यांची घडण असते. या ग्रंथांमागील चिकाटी आदरणीय आहे. तथापि, साधन म्हणून त्यांची चिकित्सा फारशी झालेली नाही. ज्या घरात सनद, इनामपत्र, हिशेबाच्या वह्या किंवा क्षेत्रोपाध्यायांच्या वहीतील नोंद शिल्लक होती, त्याच घराचा वृत्तांत लिहिला गेला. घराण्याकडे कागद असतो, हे या वाङ्मयाचे न बोललेले गृहीतक आहे. ज्यांच्याकडे कागद नव्हता, परंतु ज्यांच्याविषयी दुसऱ्या कोणी तरी कागद केला, त्यांचा वंशशोध कसा करावयाचा, हा प्रश्न या परंपरेने विचारलाच नाही. हा प्रश्न स्पष्ट होण्यासाठी चिरनेर हे गाव उपयुक्त आहे.

चिरनेर आज रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात आहे. 1930 मध्ये ते कुलाबा जिल्ह्यात, पनवेलच्या मामलेदाराच्या अधिकारक्षेत्रात होते. 25 सप्टेंबर 1930 रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि परिसरातील आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. मामलेदार केशव महादेव जोशी यांचाही त्यात अंत झाला. या घटनेचे राजकीय महत्त्व सर्वज्ञात आहे. दरवर्षी त्या दिवशी गावात हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. परंतु हुतात्म्यांची नामावली इतिहासाच्या अभ्यासकाने जितकी वाचली आहे, तितकी वंशेतिहासाच्या अभ्यासकाने वाचलेली नाही.

नामावलीतील काही नावे पाहावीत : नाग्या महादू कातकरी, रामा बामा कोळी, रघुनाथ मोरेश्वर न्हावी, धाकू गवत्या फोफेरकर, आलू बेमट्या म्हात्रे. पहिल्या तीन नावांत आडनावाच्या जागी जमात, जात वा व्यवसाय आहे. चौथ्यात ‘कर’ प्रत्ययाने मागील एखाद्या गावाकडे निर्देश केलेला दिसतो. पाचव्यात गावकीतील मानाचे पद आडनाव होऊन बसले आहे. एकाच दिवशी, एकाच डोंगरावर मारल्या गेलेल्या माणसांची नावे तीन वेगवेगळ्या तत्त्वांनी घडलेली आहेत. कुलवृत्तांताची पद्धत येथे लागू केल्यास ती पहिल्याच पायरीवर अडते, कारण ‘कातकरी’ वा ‘न्हावी’ हे कुळाचे नाव नव्हे. ते व्यक्तीने स्वतः सांगितलेले असेल, किंवा नोंद करणाऱ्याने आपल्या सोयीसाठी लिहिलेलेही असेल. नावांची लेखनरूपेही ठिकठिकाणी वेगळी आढळतात. त्यातील एक रूप ‘शुद्ध’ ठरवून इतर टाकून देण्याचा मोह अभ्यासकाने आवरला पाहिजे. ती रूपे म्हणजे लिहिणाऱ्यांच्या कानांचा पुरावा होय.

‘कर’ या प्रत्ययाविषयी थोडे विषयांतर आवश्यक आहे. चिरनेरमध्ये राहणाऱ्यास चिरनेरकर म्हणण्याचे कारण नसते. गाव सोडून गेलेल्यालाच दुसऱ्या ठिकाणी त्या नावाची गरज पडते. म्हणून ‘कर’ प्रत्ययान्त आडनाव हे बहुधा स्थलांतराची नोंद असते. याचे सर्वांत बोलके उदाहरण याच किनारपट्टीवरील बेने इस्रायल समाजाचे आहे. पेणकर, रोहेकर, किहीमवरून केहीमकर, नवगावकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे म्हणजे कुलाबा जिल्ह्याचा जणू नकाशाच. त्यांच्यापैकी हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी समाजाचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिला; तो 1937 मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. पुढे इस्रायलमध्ये गेलेल्या या कुटुंबांपुढे 1962 मध्ये वेगळाच प्रसंग उभा राहिला. तेथील प्रधान धर्मपीठाने विवाहापूर्वी वधूवरांच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचे निर्देश दिले. तेल गाळणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या पूर्वजांनी मातृकुळाचे कागद कोठून ठेवावेत? समाजाने दीर्घ आंदोलन केले आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने हस्तक्षेप केल्यानंतर त्या निर्देशांतील समाजाचा नामनिर्देश मागे पडला. आडनावात गाव जपले गेले होते, परंतु प्रश्न आईच्या आईविषयी होता.

याउलट स्कॉटलंडमधून मुंबईस आलेल्या एखाद्या व्यापाऱ्याचे वा सैनिकाचे घराणे घ्यावे. स्कॉटलंडमध्ये 1855 पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची सक्तीची नोंदणी सुरू झाली आणि तेथील मृत्यूच्या नोंदीतही मृताच्या आईचे माहेरचे आडनाव लिहिण्याची पद्धत होती. मुंबई इलाख्यातील चर्चमध्ये झालेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या प्रती लंडनला पाठविल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत पाहता येतात. त्यामुळे अशा घराण्याचा वंशज दोन्ही अंगांनी, पित्याच्या व मातेच्या, मागे जाऊ शकतो. त्याच राज्यसत्तेने चिरनेरच्या माणसाची नोंद केली ती मात्र महसुलासाठी, जंगलाच्या संरक्षणासाठी किंवा खटल्यासाठी. हा भेद संस्कृतींचा नाही. नोंद कोणत्या हेतूने झाली, त्याचा आहे.

हेतूची ही कसोटी प्रत्येक कागदाला लावावी लागते. सातबारा आणि फेरफार यांत जमीन धारण करणारा वा कसणारा येतो. वारस नोंदीमुळे दोनतीन पिढ्या हाती लागतात, पण त्या बहुधा पुरुषांच्या. ज्याच्याकडे जमीनच नाही, तो कातकरी या कागदात येत नाही. कात पाडण्याच्या व्यवसायावरून ज्या जमातीला नाव मिळाले, तिचा जगण्याचा आधार असलेले जंगल राखीव झाल्यावर तिचा माणूस सरकारी कागदात येण्याची एक वाट उरली : वनगुन्ह्याची. नाग्या महादू कातकरी हे नाव आज शिलालेखावर आहे, कारण ते आधी गोळीबाराच्या कागदात आले. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, हे त्यातल्या त्यात समावेशक साधन होय. त्यात जन्म आणि मृत्यूसोबत जात लिहिली जाई. परंतु आडनाव पुष्कळदा नसते, आणि एकाच गावात एकाच नावाचे दोन बापलेक असतील तर त्यांना वेगळे करण्यास घरच्या स्मृतीवाचून उपाय नसतो.

या चिकित्सेला केवळ शास्त्रीय मूल्य आहे असे मानणे चुकीचे ठरेल. महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 23, 2001 अन्वये जातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच आहे. म्हणजे प्रवेशासाठी वा नोकरीसाठी धावपळ करणारा अठरा वर्षांचा विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने वंशेतिहासकार ठरतो. महाविद्यालयाच्या कार्यालयात पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन उभा असलेला विद्यार्थी प्राध्यापकांना अपरिचित नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मधील आनंद प्रकरणात स्वातंत्र्यपूर्व कागदांना अधिक पुरावामूल्य दिले आणि 2023 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे, असे स्पष्ट केले. कागदाचे वजन त्यामुळे वाढले. पण जुन्या नोंदीत नुसते ‘कोळी’ असेल तर काय? अनुसूचित जमातींच्या यादीत कोळी महादेव, कोळी मल्हार, टोकरे कोळी आहेत, सोनकोळी नाहीत. 1920 च्या सुमाराच्या तलाठ्याला वा शिक्षकाला 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील वर्गवारी ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्याने लिहिलेल्या एका शब्दाकडून तो शब्द लिहिताना अस्तित्वातच नसलेल्या प्रश्नाचे उत्तर मागितले जाते. येथे कागदाचे मौन हा दाव्याविरुद्धचा पुरावा मानणे हा तर्कदोष आहे, तसेच ते दाव्याच्या बाजूचा पुरावा मानणे हाही आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचकांची मागणी एकाएकी वाढली. लिपी वाचता येणे आणि नोंद वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मात्र त्या घाईत मागे पडले.

उरण-पनवेल परिसरात याला जमिनीचीही बाजू आहे. नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी 1984 मध्ये आंदोलन झाले, त्यात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्या भूखंडासाठी वारसांना वंशावळ द्यावी लागते. मुद्रांकावर प्रतिज्ञेसह लिहिलेली ही वंशावळ म्हणजे आजच्या काळातील सर्वाधिक प्रमाणात लिहिला जाणारा कुलवृत्तांत. लग्न होऊन गेलेली बहीण त्यात आहे की नाही, यावरून घरे दुभंगली आहेत. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांत बालकाच्या नावानंतर आईचे नाव लिहिण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आहे. चिरनेरच्या आठ नावांत मात्र पित्यांचीच नावे आहेत.

या उणिवेवर दंतकथेचा उपाय केला जातो, तोही तपासला पाहिजे. उत्तर कोकणातील अनेक जाती बिंब राजाबरोबर आपले पूर्वज आले असे सांगतात आणि वि. का. राजवाडे यांनी संपादित करून 1924 मध्ये प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीचा आधार देतात. बखरीतील कुळांची यादी ही हक्क आणि मान यांची मांडणी आहे. तीवरून एखाद्या समाजाची स्वतःविषयीची कल्पना समजते. विशिष्ट घराचा पणजोबा समजत नाही.

अधिक उपयुक्त आदर्श ना. गो. चापेकर यांच्या 1933 मधील बदलापूरविषयीच्या ग्रंथात आढळतो. तेथे अभ्यासाचा घटक कुळ नसून गाव आहे. त्यामुळे वतनदाराबरोबर कागद नसलेला माणूसही शेजारी म्हणून नोंदीत येतो. चिरनेरसाठी असा प्रयत्न करावयाचा झाल्यास पनवेल तालुका 1883 मध्ये ठाणे जिल्ह्यातून कुलाब्यास जोडला गेला, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागेल. त्यापूर्वीचे कागद ठाण्याच्या दफ्तरात, नंतरचे अलिबागेत व पनवेल-उरणच्या तहसिलीत, आणि गोळीबाराविषयीचे सरकारी कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधावे लागतील. त्यांच्या जोडीला कोतवाल बुक, प्राथमिक शाळेचे प्रवेश-निर्गम पुस्तक आणि वाड्यांवरील वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती घ्याव्या लागतील. यांपैकी शेवटचे साधन सर्वांत आधी संपणारे आहे. कामाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.