ट्रेम-२ ग्राही प्रथिन आणि अल्झायमर : एका गृहीतकाची चिकित्सा

मेंदूतील मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावर ट्रेम-२ हे ग्राही प्रथिन असते. मेदद्रव्ये व अमायलॉइड ओळखून ते डॅप-१२ या सहप्रथिनामार्फत पेशीला संदेश देते. त्याच्या जनुकातील आर४७एच हा दुर्मिळ बदल अल्झायमरचा धोका सुमारे तिपटीने वाढवितो, असे २०१३ मध्ये आइसलँडमधील अभ्यासातून पुढे आले. त्यावरून, ग्राहीचे कार्य वाढविले की रोग आटोक्यात येईल, असा निष्कर्ष काढला गेला. तो घाईचा होता. नासू-हाकोला विकारात हे ग्राही किंवा डॅप-१२ निकामी होऊन चाळिशीच्या आसपासच स्मृतिभ्रंश होतो, हा पुरावा त्या बाजूचा खरा. परंतु २०१७ मध्ये टाऊ-विकृती असलेल्या उंदरांत ट्रेम-२ नसताना चेतापेशींचा ऱ्हास उलट कमी आढळला. अमायलॉइडच्या गाठींभोवती कुंपण घालणारी पेशीच पुढील टप्प्यात दाह वाढवीत असेल, तर उपचार केव्हा करावा हाच कळीचा प्रश्न ठरतो. ग्राहीला उद्दीपित करणाऱ्या एएल००२ या प्रतिपिंडाला २०२४ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत रोगाची वाटचाल मंदावता आली नाही. मात्र त्यावरून ग्राहीलाच निरुपयोगी ठरविणे ही तितकीच घाई होय. त्या रुग्णांत लक्षणे आधीच दिसू लागली होती.