संशयी खुन, भाबडा बाम आणि मधली रेचल

'टॉवर ऑफ गॉड' वाचणाऱ्या कुणासमोरही रेचलचं नाव काढून बघा. पुढची दहा मिनिटं तुम्हाला फक्त शिव्या ऐकाव्या लागतील. वेबकॉमिकच्या जगात इतका एकमुखी द्वेष क्वचितच कुणाच्या वाट्याला आला असेल. मला हा द्वेष समजतो, पण पटत नाही. कारण रेचलला शिव्या घातल्या की आपण बाकीच्या दोघांकडे बघायचं टाळतो. एक बाम, जो तिच्यावर आंधळा विश्वास ठेवतो. आणि दुसरा खुन, जो कुणावरच ठेवत नाही. मला वाटतं, या कॉमिकमधली खरी गोष्ट त्या दोघांची आहे. (पुढे पहिल्या सीझनचा शेवट उघड केलाय. वाचायचं बाकी असेल तर इथेच थांबा.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसआययू या टोपणनावाने लिहिणाऱ्या-काढणाऱ्या कोरियन चित्रकाराने २०१० मध्ये नेव्हरच्या वेबटून प्लॅटफॉर्मवर ही मालिका सुरू केली. २०२० मध्ये तिच्यावर अ‍ॅनिमे आला आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ती तेव्हाच कळली. एक प्रचंड मनोरा आहे. प्रत्येक मजल्यावर परीक्षा द्यायची आणि वर चढायचं. शिखरावर पोचलात की हवं ते मिळतं, असं सांगतात. बाम नावाचा मुलगा मनोऱ्याखालच्या अंधारात एकटा वाढलाय. त्याला भेटलेली एकमेव व्यक्ती म्हणजे रेचल. तिने त्याला बोलायला शिकवलं, बाहेर जग आहे हे सांगितलं. तिला तारे बघायचेत, म्हणून ती मनोऱ्यात निघून जाते. आणि बाम तिच्या मागे.

कोरियन भाषेत 'बाम' म्हणजे रात्र. रात्र नावाच्या मुलाला मागे टाकून ही मुलगी तारे शोधायला जाते. लेखकाने ही गंमत कुठेही समजावून सांगितलेली नाही, हे मला फार आवडतं.

आता बामच्या प्रेमाबद्दल. वाचक त्याला निष्ठा म्हणतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला दुसरा शब्द आठवतो: सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. अख्खी सिस्टीम एकाच सर्व्हरवर उभी असेल, तर तो सर्व्हर कितीही चांगला असो, डिझाइन वाईटच. बामची भाषा, जगाची कल्पना, जगण्याचं कारण, सगळं एकाच माणसातून आलंय. क्राउन गेमच्या परीक्षेत रेचलवर हल्ला होताना दिसतो आणि बाम सिंहासन सोडून धावतो. तिथे बसून राहिला असता तर त्याची टीम जिंकत होती. पण टीमचा विचार त्याच्या मनात येतच नाही. आपल्याला तो क्षण हृद्य वाटतो. टीममधल्या इतरांच्या जागी बसून तोच प्रसंग परत वाचा, मग तो तेवढा गोड लागत नाही.

याच्या बरोबर उलटा खुन. (हो, नाव मराठीत जरा भयंकरच वाटतं.) तो अशा घराण्यातून आलाय जिथे भावंडंच एकमेकांचे स्पर्धक असतात. त्याने स्वतःच्या सख्ख्या बहिणीऐवजी मारिया नावाच्या मुलीला राजकन्या व्हायला मदत केली आणि त्याची किंमत मोजली. असा माणूस माणसांकडे हिशेबाच्या वहीसारखाच बघणार. बामशी तो मैत्री करतो तीही कुतूहल आणि फायदा ताडून.

या संशयाची मर्यादा एसआययूने फार लवकर दाखवून ठेवलीय. बारा दारांची परीक्षा आठवा. एक दार बरोबर, बाकी जीवघेणी, असं सगळे धरून चालतात. खुन तर्क लढवत बसतो, खुणा शोधतो. उत्तर मात्र साधं असतं: पाच मिनिटांच्या आत कुठलंही दार उघडायचं. विचार करत बसलेले मरतात. मगरीसारखा दिसणारा, डोक्याने जरा जड असलेला राक वैतागून दार उघडतो आणि तिघं वाचतात. पुरेसा पुरावा मिळेपर्यंत थांबणं हाही एक निर्णयच असतो, आणि कधीकधी तोच चुकीचा असतो.

पण खुनबद्दल मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. सगळ्यांवर संशय घेणारा हा मुलगा एकाच माणसाला त्यातून सूट देतो. बामला. आणि ती सूट दिली की तोही तितकाच अडकतो. सीझनच्या शेवटी रेचल, जिचे पाय निकामी झालेत असं सगळ्यांना वाटतंय, पाण्याखालच्या बुडबुड्यात उठून उभी राहते आणि बामला खोल पाण्यात ढकलून देते. वर येऊन सांगते की तो गेला. मग बामचे सगळे मित्र काय करतात? बामची इच्छा म्हणून रेचललाच वर न्यायला निघतात. खुनही त्यांच्यात असतो. स्वतःच्या महत्त्वाकांक्षेचं गाठोडं बाजूला ठेवून.

म्हणजे बाम नाहीसा झाला तरी त्याचं अवलंबित्व शिल्लक राहतं. आता ते टीमच्या खांद्यावर असतं. एका माणसाचं वेड दुसऱ्यांचं कर्तव्य कसं बनतं, हे मी इतक्या नेमकेपणाने फार कमी ठिकाणी वाचलंय.

आणि हे सगळं आपण वाचतो ते कसं? गोष्ट वर चढण्याची, पण फोनवर आपण सतत खाली जात असतो. बाम पाण्यात पडतो तेव्हा पहिल्यांदा गोष्टीची दिशा आणि स्क्रोलची दिशा एक होते. छापील पुस्तकात हा धक्का असा बसला नसता.

तक्रारही आहे. खुनचा संशय कथेत फार क्वचित खोटा ठरतो. रेचलबद्दल त्याला जे खुपत होतं ते खरंच निघतं. त्यामुळे वाचक शिकतो की संशयी माणूस शेवटी बरोबर असतो. प्रत्यक्षात संशयी माणसं कितीतरी चांगली नाती केवळ शंकेपोटी गमावतात, आणि ते नुकसान कुठे नोंदवलंही जात नाही. हेही लेखकाने दाखवायला हवं होतं. रेचलच्या बाबतीतही तसंच. मनोऱ्याचा रखवालदार हेडन तिला सांगतो की बोलावणं तिला नव्हतंच, त्या मुलाला होतं. आयुष्यभर एकच स्वप्न पाहिलेल्या मुलीला कळतं की आपण दुसऱ्याच्या गोष्टीतलं दुय्यम पात्र आहोत. त्या पानांत ती माणूस आहे. पुढच्या सीझनमध्ये लेखकाला तिचा कपट जास्त लागतो आणि तिचं मन कमी.

तरीही मी ही मालिका मित्रांना वाचायला सांगतो, त्याचं कारण सोपं आहे. आमच्या वयाच्या लोकांकडे नात्यांसाठी दोनच शब्द उरलेत: 'लॉयल' आणि 'टॉक्सिक'. बाम पहिल्यात बसतो, रेचल दुसऱ्यात, आणि विषय संपला. कॉमिक नीट वाचलं तर ही वाटणी टिकत नाही. बामच्या लॉयल असण्यात रेचलचा श्वास कोंडतो. तिच्यासाठी तो मित्र कमी आणि आपण निवडले गेलो नाही याची चालतीबोलती आठवण जास्त आहे. तिने केलं ते अक्षम्य आहे, पण आपल्याला कुणीतरी जगण्याचं एकमेव कारण करून टाकलंय, हे ओझं तिने मागितलेलं नव्हतं.

कॉमिकमध्ये राकच्या वाट्याला विनोदच जास्त येतात. मला मात्र तिघांत तोच शहाणा वाटतो. तो बामला आणि खुनला सोबत ठेवतो, त्यांच्यासाठी भांडतो, आणि त्यांच्याशिवायही तो राकच असतो. आपल्याला शिकार करायचीय हे तो कधीच विसरत नाही.